चाळीस सेकंदांचा उजेड

डोळे मीट बघू. घट्ट. फटीतून बघायचं नाही.

आता असं समज, की तू एका गोदामात उभा आहेस. गोदाम म्हणजे साधीसुधी खोली नव्हे. तीन मजली घर आत ठेवलं, तरी वर चेंडू उडवायला जागा उरेल एवढं उंच. खिडकी एकही नाही, कारण उन्हाने आतल्या मालाचा रंग उडतो. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर खोकीच खोकी, आणि मधून लांबलचक बोळ. असे बारा बोळ. तू बोळात पाऊल टाकलंस, की डोक्यावरचा दिवा आपोआप लागतो. पुढे गेलास, की पुढचा. जणू वरून कुणीतरी तुझ्या पावलाला पाऊल लावून चालतंय. आणि तू थांबलास, अगदी हलायचं बंद केलंस, तर... मनात मोज बघू. एक, दोन, तीन... अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

गुडुप्प अंधार.

उघड डोळे. घाबरलास नाही ना? मग ऐक.

या गोदामात शिलाईच्या दोऱ्याची रिळं असत. आणि एके दिवशी सातव्या बोळात एक मुलगी अशीच न हलता उभी होती. सव्वीस वर्षांची, केसांत पेन्सिल खोचलेली, कपाळावर आठी. एवढ्या मोठ्या गोदामाचा कारभार तिच्याकडे होता, म्हणून सगळे तिला ‘मुकादम’ म्हणत. तिच्या दोन्ही हातांत एकेक रीळ होतं. एकावर चिठ्ठी होती ‘डाळिंबी’, दुसऱ्यावर ‘कथ्थई’. ती उजव्या हाताकडे बघे, मग डाव्या हाताकडे, मग पुन्हा उजव्या... आणि दिवा गेला.

“हात हलवा!” अंधारातून आवाज आला. पुरुषाचा. मांडणीच्या पलीकडून, आठव्या बोळातून.

“कोण आहे तिकडे?”

“आधी हात हलवा, मग ओळख करून घेऊ.”

“माझे दोन्ही हात भरलेले आहेत.”

“मग मान हलवा. नकारार्थी हलवली तरी चालेल.”

तिने मान हलवली. लख्ख उजेड पडला, आणि दोन खोक्यांमधल्या फटीतून तिला दिसला एक चष्मा, गळ्यात लटकणारं एक छोटं यंत्र आणि अर्धं हसू. उरलेलं अर्धं खोक्याच्या मागे होतं.

“मी दिवेवाला,” ते अर्धं हसू म्हणालं. “वार्षिक तपासणीला आलोय. मागच्या वर्षी हे सगळे दिवे मीच निवडले, मीच लावले. बाराही बोळांत.” आणि तो जरा थांबला. कुणी ‘वा’ म्हणावं म्हणून माणूस थांबतो ना, तसा.

“तुम्ही निवडले?” मुकादम म्हणाली. “बरं झालं. तुम्हालाच शोधत होते.”

“का बरं?”

“भांडायला.”

तो बोळाला वळसा घालून आला. त्याच्या डोक्यावर एकेक दिवा लागत गेला... टक, टक, टक... आणि तो तिच्या समोर येऊन उभा राहिला तेव्हा पूर्ण हसू दिसलं. मुकादमने मनात म्हटलं, हसू बरं आहे. पण आपल्याला भांडायचंय.

“आधी जुने दिवे होते,” दिवेवाला उत्साहाने सांगू लागला. “आठवतात? लावले की पाच मिनिटं नुसते गुणगुणायचे, मग कुठे पेटायचे. हात जवळ नेला तर चटका. आमचे हे एलईडी अर्ध्याहून कमी वीज खातात. कुणी नसेल तर आपणहून विझतात. शिवाय उजेड...” त्याने गळ्यातलं उजेड मोजायचं यंत्र जमिनीजवळ धरलं. “आकडा बघा! नाव ठेवायला जागा नाही. सांगा, खोट कुठे आहे?”

मुकादमने दोन्ही रिळं त्याच्या नाकासमोर धरली. “यातलं डाळिंबी कुठलं?”

त्याने चष्मा सारखा केला. डावं बघितलं, उजवं बघितलं. “दोन्ही... एकच आहेत की.”

“चला माझ्याबरोबर.”

ती तरातरा निघाली. त्याला मागे जवळजवळ धावावं लागलं. मोठ्या दाराशी, जिथे मालाच्या गाड्या लागतात, तिथे ती उन्हात उभी राहिली आणि तिने मुठी उघडल्या. एक रीळ लालबुंद, पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखं. दुसरं मातकट तपकिरी.

दिवेवाला रिळं घेऊन दोन पावलं आत गेला. पुन्हा बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. चौथ्या वेळेला त्याचं हसू कुठेतरी आतच राहिलं.

“मी आलो होतो तेव्हा,” तो हळूच म्हणाला, “सगळ्या मांडण्यांवर तपकिरी खोकी होती. मी लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली. खोक्यात काय आहे... ते विचारलंच नाही.”

“आणि आम्हीही सांगितलं नाही,” मुकादम म्हणाली. तिला त्याला आणखी चार शब्द सुनवायचे होते. पण चूक अशी लगेच कबूल करणारा माणूस समोर आला, की भांडणाची सगळी तयारी वाया जाते बघ. तिची तशीच गेली.

*

आता मुकादमला एवढा राग का आला होता, ते सांगायला हवं.

सातव्या आणि आठव्या बोळातली खोकी उघडी असत. तिथून रिळं काढून, रंग जुळवून, शिंप्यांना आणि कारखान्यांना पाठवायची. हे रंग जुळवायचं टेबल तीस वर्षं एकाच बाईच्या हातात होतं. ती म्हणजे मुकादमची मावशी. आई गेल्यावर मुकादमला तिनेच वाढवलेलं. मावशीला रिळाची चिठ्ठी वाचायची गरजच पडत नसे. नुसतं बघून सांगायची, हा मोरपंखी, हा शेवाळी, हा काळा नव्हे, गडद निळा आहे, नीट बघ. कधी चुकली नाही.

पण गेल्या वर्षभरात माल परत येऊ लागला होता. डाळिंबीच्या जागी कथ्थई. जांभळ्याच्या जागी राखाडी. मोठे साहेब स्वभावाने वाईट नव्हते, पण तेही शेवटी म्हणाले, “मावशींचं वय झालं. पुढच्या महिन्यापासून त्यांना टेबलावरून उठवू. खोक्यांना चिकटपट्ट्या लावतील बसून.”

मावशी भांडली नाही. हेच तर मुकादमला बोचत होतं. मावशीने डोळे तपासून घेतले, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, तरी तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. रीळ हातात घेतलं, की ती नातीला विचारी, “काय गं लिहिलंय यावर?” तीस वर्षांत पहिल्यांदा ती चिठ्ठ्या वाचून घेत होती.

ही नात आठ वर्षांची. शाळा सुटली, की मावशीच्या टेबलालगतच्या काचेच्या खोलीत येऊन बसे. बसे म्हणजे काय, नावालाच. एक पाय खुर्चीवर, एक टेबलावर, मधेच गिरकी, मधेच उडी. म्हणून तिचं नाव भिंगरी. मालाची यंत्रं फिरत असताना तिला बोळात यायला सक्त मनाई होती. फक्त सुट्टीच्या दिवशी, यंत्रं बंद असली, की परवानगी.

“महिना संपायला तीन सुट्ट्या उरल्यात,” मुकादम दिवेवाल्याला म्हणाली. “मावशीच्या डोळ्यांत काही दोष नाही, हे मला सिद्ध करायचंय. मदत करणार?”

“दिवे माझे, म्हणजे चूक माझी. मदत कसली, हे माझंच काम आहे.”

“सुट्टीच्या दिवशी यावं लागेल. घरचे बोलतील.”

“घरी फक्त आई आहे. ती म्हणते, सुट्टीच्या दिवशी घरात लोळतोस, कुठे तरी जात जा.” तो थांबला. “आणि तुम्हाला? कुणी बोलणार आहे का?”

“हे दिव्यांच्या तपासणीत येतं का?”

“नाही... आपली माझी वैयक्तिक नोंद.”

मुकादमने केसांतली पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच खोचली. तिला उगाच काहीतरी करायचं होतं, म्हणून.

*

पहिल्या सुट्टीला तो मोठ्ठे, दणदणीत दिवे घेऊन आला. शिडीवर चढून सातव्या बोळात टांगले. इतका उजेड पडला, की भिंगरीने डोळ्यांवर हात ठेवले.

“दिवेवाले काका, हे तर सूर्यच आणले तुम्ही!”

“काका?” तो शिडीवरूनच दुखावला. “अगं, दादा म्हण. केस बघ माझे, सगळे काळे आहेत.”

“माऊ, हे दादा की काका?”

माऊ म्हणजे मुकादम. ती खालून शिडी धरून उभी होती. “आधी दिवे चालू देत,” ती म्हणाली. “मग ठरवू.”

दिवे चालले नाहीत. म्हणजे लागले झकास, पण डाळिंबी आणि कथ्थई होते तसेच जुळे भाऊ. उलट आता दोन्ही जास्त ठळकपणे सारखे दिसू लागले.

“उजेड वाढवला, की सगळं दिसेल असं वाटलं होतं,” तो शिडीच्या पायरीवर बसून म्हणाला. मग त्याने भिंगरीकडे बघितलं. “तुझ्याकडे रंगीत खडूंची पेटी आहे?”

“आहे. बारा खडू.”

“त्यातला लाल हरवला तर टोमॅटो कसा रंगवशील?”

“तपकिरीने. पण मग तो बटाटा दिसेल.”

“हेच झालंय. प्रत्येक दिव्याच्या उजेडात रंगांची एक पेटी असते. उन्हाची पेटी पूर्ण भरलेली. माझ्या दिव्यांच्या पेटीत लाल अगदी झिजलेला खडू आहे. दिव्यातच लाल नाही, तर रिळावरचा लाल दिसणार कसा? असे दिवे शंभर लावले तरी काय उपयोग... झिजलेले शंभर खडू.” तो उठला. “पेटी बदलायला हवी.”

आणि जाताना त्याने भिंगरीशी पैज लावली. बोळात चाळीस सेकंद अजिबात न हलता उभं राहून दिवा विझवून दाखवायचा. भिंगरीने लगेच हो म्हटलं. सात सेकंद झाले, नाकाला खाज आली. दुसऱ्यांदा नऊ सेकंद. तिसऱ्यांदा अकरा, आणि एक गिरकी.

“ही स्थिर उभी राहिली तर मी नाव बदलीन,” मावशी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती.

दुसऱ्या सुट्टीला तो वेगळे दिवे घेऊन आला. त्यांच्या पेटीत सगळे खडू होते. मुकादमने छातीच्या उंचीवरच्या कप्प्यातून रीळ काढलं, आणि ते लाल दिसलं. खरंखुरं, उन्हातल्यासारखं लाल! ती आनंदाने त्याच्याकडे वळली, तोही त्याच वेळी तिच्याकडे वळला, आणि दोघांनी घाईघाईने मान फिरवून त्याच त्या रिळाकडे बघायला सुरुवात केली.

“छान रंग आहे,” तो म्हणाला.

“हो... रिळाचा.”

“मी कुठे दुसरं काही म्हटलं?”

“इथे तर संध्याकाळ आहे!” भिंगरी ओरडली. ती सगळ्यात खालच्या कप्प्यासमोर उकिडवी बसली होती. “वर दुपार आणि माझ्याकडे संध्याकाळ!”

दिवेवाला गुडघ्यावर बसला. भिंगरीच्या डोळ्यांपाशी डोळे नेऊन त्याने बघितलं. खरंच, वरच्या खोक्यांच्या माथ्यावर उजेड सांडत होता, जमिनीवरही होता, पण खालच्या कप्प्यांच्या तोंडाशी पोचत नव्हता.

“मी पुन्हा तेच केलं,” तो म्हणाला. “जमिनीवर मोजलं. पण जमिनीवर काय वाचायचंय? चिठ्ठ्या तर उभ्या आहेत.” त्याने ते यंत्र गळ्यातून काढलं आणि भिंगरीच्या गळ्यात घातलं. “आजपासून खालच्या कप्प्याच्या मुकादम तुम्ही. आकडा वाचायचा आणि मोठ्याने सांगायचा.”

संध्याकाळपर्यंत ते मोजत राहिले. भिंगरी खाली, मुकादम मधे, तो शिडीवर. “बेचाळीस!” “नव्वद!” “तीनशे दहा!” मग त्याने कागदावर एक आकृती काढून दाखवली. दिव्याला असं भिंग लावायचं, की उजेड चहूकडे न सांडता बोळाच्या लांबीने, पडद्यासारखा सरळ खाली उतरेल आणि दोन्ही बाजूंच्या कप्प्यांना घासत जाईल.

“पण एक अडचण आहे,” तो म्हणाला. “हे दिवे थोडी जास्त वीज खातील. बाराही बोळांत लावा म्हटलं तर साहेब नाही म्हणतील. मीही नाही म्हणेन.”

मुकादमने पेन्सिल काढली. “बारा बोळांत कशाला? दहा बोळांत बंद खोकी आहेत. तपकिरी खोक्याला तपकिरी दिसायला तुमचे मागच्या वर्षीचेच दिवे उत्तम. सातवा, आठवा आणि मावशीचं टेबल. बस्स.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “हे मला सुचायला हवं होतं.”

“तुम्ही खोक्यात काय आहे ते विचारत नाही ना.”

“आता विचारतो,” तो म्हणाला. “आता मी सगळंच विचारायचं ठरवलंय.”

त्याच आठवड्यात तो एका दुपारी आला. हातात कागद, चेहरा गंभीर. त्याच्या वरिष्ठांनी त्याला सांगितलं होतं, की दिवे बदलून देऊ, पण पत्रात ‘ग्राहकाची गरज बदलली’ असं लिही. स्वतःची चूक लिहून देऊ नकोस, नसती कटकट होईल. त्याने ते ऐकून घेतलं होतं, आणि मग स्वतःच्या हाताने दुसरंच पत्र लिहिलं होतं. मुकादमने वाचलं.

‘रंग जुळवण्याच्या विभागासाठी दिव्यांची निवड चुकली. निवड माझी होती. कामगारांच्या नजरेत दोष नाही.’

खाली सही.

“हे दिलंत तर तुमच्या नोकरीचं काय?”

“ओरडतील. कदाचित पुढची मोठी कामं दुसऱ्याला देतील.” त्याने खांदे उडवले, पण त्याचे कान लाल झाले होते. “गरज बदलली असं लिहिलं, तर साहेब म्हणतील दिवे बरोबर होते, मावशीच चुकल्या. तुम्हाला सिद्ध काय करायचंय? मग अर्धवट कशाला?”

मुकादमने कागदाची घडी घातली. नीट, चार पदरी. तिला त्या वेळी खूप काही म्हणावंसं वाटलं, पण तोंडून निघालं, “चहा घेणार?”

“घेतो की,” तो म्हणाला.

*

तिसरी सुट्टी. मोठे साहेब सकाळीच आले. त्यांनी पत्र वाचलं, दिवेवाल्याकडे चष्म्यावरून बघितलं, आणि म्हणाले, “लिहिलंत ते ठीक. पण मला डोळ्यांनी बघू द्या.”

आठव्या बोळात अजून मागच्या वर्षीचेच दिवे होते. सातव्यात नवे, भिंगाचे. मुकादमने चाळीस रिळांच्या चिठ्ठ्या झाकल्या. मावशी पदर खोचून उभी राहिली. खोचलेला पदर तिने पुन्हा एकदा खोचला, आणि ते फक्त मुकादमला दिसलं.

“मावशी, नाही जमलं तरी...” साहेब म्हणाले.

“जमेल,” मुकादम म्हणाली.

आधी जुना दिवा. मावशीने रिळं वेगळी केली. चिठ्ठ्या उघडल्या. नऊ चुका.

साहेबांनी सुस्कारा टाकला. मावशीने मान खाली घातली. पण मुकादम पुढे झाली. “साहेब, आता तुम्ही.”

“मी?”

“तुमचे डोळे तरुण आहेत ना? हीच चाळीस रिळं, हाच दिवा. चिठ्ठ्या पुन्हा झाकते.”

साहेब हसत पुढे आले. पाच मिनिटांनी त्यांचं हसू आटलं. चौदा चुका. भिंगरी खो खो हसली, मावशीने तिला डोळे वटारले, आणि साहेब खाकरून म्हणाले, “हं. चला, नवा दिवा बघू.”

चिठ्ठ्या पुन्हा झाकून रिळं सातव्या बोळात आणली, आणि उजेडाचा पडदा खाली उतरला. मावशीने पहिलं रीळ हातात घेतलं आणि ती थबकली. मग तिची बोटं चालू लागली. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. डाळिंबी, कथ्थई, जांभळा, राखाडी, हा काळा, हा निळा... तीस वर्षांचा वेग परत आला होता. भिंगरीला टाळी वाजवायची होती, मुकादमने तिचे हात धरून ठेवले.

चिठ्ठ्या उघडल्या. सगळी बरोबर, एक सोडून. “हे बघा,” साहेब म्हणाले, “हे डाळिंबीत टाकलंय. चिठ्ठी कथ्थई म्हणते.”

“चिठ्ठी काय म्हणायचं ते म्हणो,” मावशी म्हणाली. “हे डाळिंबी आहे.”

आवाजात कंप नव्हता. सगळे दाराशी गेले. साहेबांनी ते रीळ उन्हात धरलं. लालबुंद! कारखान्यातूनच चिठ्ठी चुकीची लागून आली होती.

साहेबांनी ते रीळ मावशीच्या हातात ठेवलं. मग म्हणाले, “मावशी, टेबल तुमचंच. मला... मी आधी विचारायला हवं होतं.”

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला. “डोळे माझे ठीकच होते म्हणायचे. मग वर्षभर मी कुणाची चूक पोटात घेऊन फिरत होते?”

“माझी, मावशी,” दिवेवाला पुढे होऊन म्हणाला.

मावशीने त्याला खालून वर न्याहाळलं. “कबूल करतोस, हे चांगलं. पण आता आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल तुला आमच्याकडून.”

“चालेल,” तो म्हणाला. मावशीला म्हणाला, पण बघत होता भलतीकडेच.

*

साहेब गेले. मावशी टेबलाशी बसून रिळं पुन्हा जागच्या जागी लावू लागली. कुणी सांगितलं नव्हतं, तिला आज हौसच आली होती. भिंगरी बाहेर फिरत होती. दिवेवाला आठव्या बोळात आपली हत्यारं गोळा करत होता, अगदी सावकाश. एक पाना त्याने पिशवीत ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

मुकादम बोळाच्या मधोमध येऊन उभी राहिली. “हे दिवे कधी बदलणार?”

“उद्या. माझी माणसं येतील. विझायची वेळही वाढवतील, म्हणजे रीळ बघताना अंधार व्हायला नको.”

“तुमची माणसं. आणि तुम्ही?”

“माझं काम झालं ना आता. पुढची तपासणी वर्षाने.”

“वर्षाने,” मुकादम म्हणाली. “वर्षात किती चुका होऊ शकतात, बघितलंत ना?”

तो पिशवी खाली ठेवून उभा राहिला. “मग एक गोष्ट आजच सांगतो. लेखी हवी तर लेखी देतो, सही करून. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी उन्हात मुठी उघडल्यात, तेव्हापासून. निवड माझी आहे.”

“आणि ही निवडही चुकली तर?”

“तर उन्हात नेऊन बघा मला.”

मुकादमने त्याच्याकडे बघितलं. शिडीवर बसलेला, गुडघ्यावर टेकलेला, कान लाल करून पत्र देणारा... सगळा तिला आठवला. “बघितलंय,” ती म्हणाली. “केव्हाच बघितलंय.” आणि तिने हात पुढे केला.

त्याने तो धरला. मग दोघांपैकी कुणीच हललं नाही. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

गुडुप्प.

“हात हलव ना,” अंधारात तो म्हणाला.

“माझा हात तुझ्याकडे आहे.”

“मग मान हलव.”

“नको,” मुकादम म्हणाली. “राहू दे थोडा वेळ. उद्या हे दिवे जाणारच आहेत... आणि ऐक, भिंगरी आता तुला काय म्हणेल माहितीये?”

“काका,” तो म्हणाला. “चालेल. काकाच बरं.”

नेमकी त्याच वेळी भिंगरी बोळाच्या तोंडाशी आली होती. आजीने तिला पिटाळलं होतं, “बघ गं, माऊ कुठे राहिली.” ती उड्या मारतच आली. एक पाय बोळात टाकण्यासाठी उचलला, आणि तिला आत अंधार दिसला. अंधारात माऊचं हसू ऐकू आलं. अगदी हळू, भिंगरीने कधी न ऐकलेलं.

तिला ठाऊक होतं, उचललेला पाय बोळात पडला, की टक करून दिवा लागणार.

मागून आजीने हाक मारली, “भिंगरे! सापडली का?”

भिंगरीने उत्तर दिलं नाही. नाकाला खाज आली, तिने नाक खाजवलं नाही. ती एका पायावर, ओठ घट्ट मिटून उभी राहिली आणि मनातल्या मनात मोजू लागली. सात. नऊ. अकरा. वीस. एकोणचाळीस, चाळीस.

आणि मग तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.